पंपाचा रिले: आधी ऐका, मग मोजा, पण 'डायरेक्ट' करू नका

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन दिवस होते. दुपारचे पावणेदोन वाजलेले. पारोळ्याच्या बाहेर, धुळे-जळगाव रस्त्याला लागून माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पत्र्याखाली पंखा नुसता गरम वारा फेकत होता. मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि फोन वाजला. नाना होते. एरंडोलकडचे कापसाचे शेतकरी, माझं जुनं गिऱ्हाईक. धुळ्याला बहिणीला आखाजीसाठी आणायला गेले होते.

"भो, गाडी रस्तामाच बंद पडी गयी. सेल मारस, पन उठस नही."

मुकटी सोडल्यावर गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला मान टाकली. गाडी पेट्रोल-सीएनजीवाली, छोटी, दहा वर्षं वापरलेली. गॅस संपलेला, धुळ्यात गॅसची रांग लांबलचक, म्हणून नाना पेट्रोलवरच निघालेले. कुणा मेकॅनिकनं गाडी न बघताच फोनवर निदान करून टाकलं होतं: टाकीतला पंप गेला, टोचन करून आणा, आठ हजार धरा.

पंप जातो, नाही असं नाही. पण पंप टाकीत बुडालेला असतो, मागची सीट उचलून काढावा लागतो आणि खिशाला जड असतो. त्याला करंट देणारा रिले मात्र बोनटखाली किंवा डॅशबोर्डखाली हाताशी असतो आणि दोन-अडीचशेत मिळतो. आधी संशय घ्यायचा तो स्वस्तावर. म्हणून मी डबा झाकून ठेवला आणि नानांना फोनवरच कामाला लावलं. तुमचीही गाडी अशी कुठे उन्हात उभी राहिली, तर हेच करा.

पहिला प्रश्न: सेल मारल्यावर इंजिन जोरात फिरतं का? फिरत होतं. म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक. नुसतं 'कट' आवाज येऊन थांबत असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही, आधी बॅटरीचे टर्मिनल बघा.

दुसरं काम ऐकण्याचं. किल्ली बंद करा, दहा-पंधरा सेकंद थांबा. गाणी बंद, एसीचा पंखा बंद, खिडक्या वर. एकानं मागच्या सीटवर कान लावून बसायचं, कारण बहुतेक छोट्या गाड्यांची टाकी त्या सीटखालीच असते. दुसऱ्यानं किल्ली 'ऑन'वर आणायची, सेल मारायचा नाही. धडधाकट गाडीत मागून दोन-तीन सेकंद 'गुंऽऽऽ' असा बारीक आवाज येतो आणि आपोआप थांबतो. इंजिन फिरायच्या आधीच पंप पुढच्या नळीत प्रेशर भरून ठेवतो, त्याचा तो आवाज. ताईंनी कान लावला. नानांनी चार वेळा किल्ली फिरवली. ताईंचा आवाज मला लांबूनच ऐकू आला, "काहीच वाजत नही!"

तिसरं, रिले शोधायचा. बोनटखाली बॅटरीजवळ काळा डबा असतो, त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. नानांनी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. पेट्रोल पंपाच्या नळीचं छोटं चित्र असतं त्या चौकोनावर मी लाल गोल काढला, हॉर्नच्या चौकोनावर निळा, आणि फोटो परत पाठवला. दोन्ही रिले शेजारीशेजारी, दिसायला जुळे भाऊ. पण दिसण्यावर जाऊ नका. अंगावरचा नंबर आणि खालच्या पायांची मांडणी दोन्ही जुळली पाहिजेत, तरच अदलाबदल करायची. नंबर जुळला. किल्ली बंद ठेवून दोन्ही काढले, हॉर्नचा पंपाच्या जागी बसवला, पंपाचा हॉर्नच्या जागी. काढताना पक्कडीनं पिळायचं नाही, बोटांनी डावी-उजवीकडे हलवत सरळ वर ओढायचा. किल्ली फिरवली. मागून ताई ओरडल्या, "वाजनं!" पहिल्या सेलला गाडी उठली.

"नाना, हॉर्न वाजणार नाही. ट्रकवाल्यांपासून लांब राहून हळू या."

ते येईपर्यंत माझी भाकरी झाली. आले तसा तो काढलेला रिले मी ताईंच्या समोरच उघडला. वरची टोपी पातळ पट्टीनं चारी बाजूंनी उचकटली की निघते. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं बुचकं असतं, ती कॉइल. कॉइलच्या मधोमध लोखंडी गाभा, त्यावर अंतर राखून उभी असलेली लोखंडी पट्टी, पट्टीला एक स्प्रिंग आणि टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा चांदीसारखा ठिपका. त्याच्या समोर तसाच दुसरा ठिपका. त्यांना आम्ही पॉइंट म्हणतो. कॉइलला करंट मिळाला की गाभा चुंबक होतो, पट्टी ओढली जाते, पॉइंटला पॉइंट भिडतो, मोठा करंट पंपाकडे निघतो. करंट गेला की स्प्रिंग पट्टी मागे खेचते, पंप बंद.

नानांना हे वेगळं सांगावं लागलं नाही. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर काय वेगळं करतो? हिरवं बटण दाबलं की कॉइल धरते, लाइट गेली की कॉइल सोडते आणि मोटार आपण होऊन बंद. रिले म्हणजे तोच स्टार्टर, काडेपेटीच्या निम्म्या आकारात.

नानांच्या रिलेच्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा पडला होता आणि दुसऱ्या बाजूला त्याच खड्ड्याच्या मापाचं टोक उभं राहिलं होतं. आजूबाजूला काजळी. गाडीचा करंट नेहमी एकाच दिशेनं वाहतो, त्यामुळे पॉइंट उघडताना-मिटताना ठिणगी पडते तेव्हा एका पॉइंटचा धातू उडून दुसऱ्यावर जाऊन बसतो. हजारो वेळा हे झालं की असं डोंगर-दरीचं रूप येतं. मग पॉइंट भिडतात खरे, पण सुईच्या टोकाएवढ्या जागेवर. काही जण इथे पॉलिश पेपर मारतात. मारू नका. वरचा चांगला थर निघून जातो, चार दिवस चालतं आणि पाचव्या दिवशी याहून वाईट जागी बंद पडतं.

आता ते आकडे. रिलेच्या खाली पायांजवळ ३०, ८५, ८६, ८७ असे नंबर कोरलेले असतात. हे जर्मन मानकाचे नंबर आहेत, डीआयएन ७२५५२, आणि जगभरच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी हेच चालतात, म्हणून पाठ करून टाका. ३० वर बॅटरीचा करंट फ्यूजमधून येऊन उभा असतो. ८७ वरून तो पंपाला जातो. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. पाचवा पाय ८७ए असेल तर तो रिले झोपलेला असताना ३० ला जोडलेला असतो, पंपाच्या कामात तो लागत नाही. काही कंपन्या स्वतःचेच नंबर टाकतात, अशा वेळी रिलेच्या अंगावर छापलेलं छोटं चित्र बघायचं, त्यात कॉइल आणि पॉइंट वेगवेगळे दाखवलेले असतात.

हे दोन भाग, कॉइलचा आणि पॉइंटचा, डोक्यात वेगळे ठेवले की अर्धं काम झालं. कॉइलमधून जातो जेमतेम ०.१५ अँपिअर. पॉइंटमधून पंपाचे चार ते सात अँपिअर. म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आम्ही ज्याला ईसीएम म्हणतो, तो पंपाचा भार स्वतः उचलत नाही. तो फक्त कॉइलच्या एका टोकाला अर्थ, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू, देतो किंवा काढून घेतो.

आणि तो कधी देतो, कधी काढतो, यातच या रिलेची खरी गोम आहे. किल्ली ऑन केली की ईसीएम दोन-तीन सेकंद अर्थ देतो, तेवढ्यात पंप रेलमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या पेट्रोलच्या नळीत, प्रेशर भरतो. साध्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तीन ते चार बार. मग वाट बघतो. इंजिन फिरतंय असा निरोप क्रँक सेन्सरकडून आला तर पंप चालू ठेवतो, नाही आला तर अर्थ काढून घेतो. चालत्या गाडीचं इंजिन कुठल्याही कारणानं थांबलं, की निरोप बंद, रिले सोडला, पंप बंद. किल्ली ऑन असली तरी बंद.

माझे मामा भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. लहानपणी ते सांगायचे, सिग्नलचा रिले असा बनवलेला असतो की करंट गेला की त्याची पट्टी स्वतःच्या वजनानं खाली पडते, आणि पट्टी पडली की सिग्नल लाल. तार तुटो, फ्यूज उडो, बॅटरी मरो, गाडी थांबणारच. "रिले धरतो याचं कौतुक नाही," ते म्हणायचे, "तो सोडतो कसा ते बघ." त्या वयात मला ते काही कळलं नव्हतं. कळलं ते माझ्या हातून घोळ झाल्यावर.

तेव्हा मी चाळीसगावला एका गॅरेजात शिकत होतो. इंजेक्शनच्या गाड्या आमच्याकडे नव्यानं यायला लागल्या होत्या. त्याआधी कार्बोरेटरच्या गाड्या, त्यांचा पंप इंजिनावरच बसलेला, इंजिनाच्या दांड्यानं चालणारा, इंजिन थांबलं की पंपही थांबला. रिलेबिलेची भानगडच नव्हती. लग्नसराईत एक गाडी आली, रिले जळालेला, नवा मिळेना, वरात खोळंबलेली. मी हुशारी केली. सॉकेटमधल्या ३० आणि ८७ मध्ये वायर खोचली, वर टेप गुंडाळली. गाडी उठली, शंभर रुपये बक्षीस मिळालं. आमच्या भाषेत गाडी 'डायरेक्ट' केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आला तो तापलेलाच. बॅटरी पार उतरलेली. त्या गाडीत ३० वर करंट चोवीस तास असायचा, त्यामुळे किल्ली काढून घेतली तरी पंप रात्रभर चालू. पाच अँपिअरचा पंप, पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी, भागाकार करा, सात तास. मी ती वायर काढून किल्लीच्या लाइनवर घेतली आणि म्हटलं, आता काही होत नाही.

तीन आठवड्यांनी ती गाडी रस्ता सोडून पाटाच्या चारीत गेली. इंजिन बंद पडलं. पुढची पेट्रोलची नळी तडकली. आणि किल्ली ऑनच होती. रिले असता तर एक-दोन सेकंदांत पंप थांबला असता. माझ्या वायरनं तो थांबू दिला नाही. असा पंप मिनिटाला लिटरभर पेट्रोल फेकू शकतो, तेही गरम इंजिनावर. शेतातून धावत आलेल्या एका माणसानं बॅटरीची वायर उपटून काढली म्हणून निभावलं. मी पोचलो तेव्हा चारीतल्या मातीचा रंग बदललेला होता. तो वास अजून माझ्या नाकात आहे. त्यानंतर मी कुणाची गाडी डायरेक्ट करून रस्त्यावर पाठवली नाही. स्टार्टरमध्ये काडी खुपसून मोटार चालवणारे शेतकरी आणि रिलेच्या जागी वायर खोचणारे मेकॅनिक, दोघं एकाच माळेचे मणी. फरक एवढाच, की मोटार पाण्यात असते आणि इथे पेट्रोल असतं.

तपासणीसाठी मात्र हीच वायर लागते, म्हणून ती नीट कशी वापरायची ते सांगतो. हाताला लागतं ते सामान: मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, आणि मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज बसवलेली हातभर वायर. सगळे दरवाजे आणि बोनट उघडे. विडी-सिगारेटवाल्याला लांब पाठवा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती शोधा, ठिणगी पाडणारं काही करू नका. डॅशबोर्डखाली हात घालायची वेळ आली तर पिवळ्या रंगाच्या कनेक्टरला शिवू नका, ती एअरबॅगची लाइन. आणि काही नव्या गाड्यांत पंपाला साधा रिले नसतोच, वेगळं कंट्रोल युनिट पंपाचा वेग कमी-जास्त करतं. तिथे यातली वायर घालायला जाऊ नका, युनिट जळेल.

रिले काढला की सॉकेटची चार भोकं समोर येतात. ३० च्या भोकात टेस्ट लॅम्पचं टोक, क्लिप अर्थला. लॅम्प लख्ख पेटला पाहिजे, काही गाड्यांत किल्ली ऑन केल्यावरच. इथे मीटर लावणारे फसतात, हे जरा थांबून सांगतो. मीटर स्वतः करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालेल. वायरचे सगळे धागे तुटून एकच धागा शिल्लक असला, तरी मीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो. पंप मागतो पाच अँपिअर, एका धाग्यातून ते येतील कुठून? इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावला की तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि वायरचं खरं बळ उघडं पडतं. बल्ब मिणमिणला तर लाइन कमजोर. एका गाडीवर मी मीटरच्या भरवशावर अख्खा दिवस घालवला आहे. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खिळ्याला तो बल्ब टांगलेला असतो.

पण हाच बल्ब ८५ वर चुकूनही लावायचा नाही. ते टोक ईसीएमकडून येतं आणि त्याला ०.१५ अँपिअरची सवय. पावणेदोन अँपिअर ओढले तर ईसीएमच्या आतला ट्रान्झिस्टर जायचा, आणि मग दोनशेच्या रिलेसाठी काही हजारांचा ईसीएम. ८६ ला किल्ली ऑन केल्यावर करंट येतो का ते मीटरनं बघा. मग मीटर ८६ आणि ८५ च्या मध्ये लावा आणि दुसऱ्याला किल्ली ऑन करायला सांगा. दोन-तीन सेकंद १२ व्होल्ट दिसून मग उतरले, तर ईसीएम आपलं काम करतोय. काही गाड्यांत उलटं असतं, अर्थ कायमचा आणि करंट ईसीएम देतो. तरी दोन टोकांच्या मध्ये मीटर लावलं की दोन्ही प्रकार सापडतात.

इथे काहीच आलं नाही तर रिलेला दोष देऊ नका. डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी चेक लाइट किल्ली ऑन केल्यावर पेटते का बघा. तीही पेटत नसेल तर ईसीएमलाच जेवण नाही, मेन रिले किंवा त्याचा फ्यूज तपासा. किल्लीचं चित्र असलेली लाइट फडफडत असेल तर गाडी किल्लीच ओळखत नाहीये, दुसरी किल्ली लावून बघा. आणि किल्ली ऑन केल्यावर पंप वाजतो पण सेल मारताना वाजत नाही, असं असेल तर क्रँक सेन्सरकडे जा.

आता फ्यूजवाली वायर. किल्ली बंद असताना एक टोक ८७ च्या भोकात, मग दुसरं ३० मध्ये टेकवायचं. ३० वर करंट किल्ली ऑन केल्यावरच येत असेल, तर मग किल्ली ऑन करायची. मागे पंप गुणगुणला तर पंप आणि त्याची लाइन जिवंत, दोष रिलेत किंवा कॉइलच्या बाजूला. नाही गुणगुणला तर आता पंपावर संशय घ्यायला हरकत नाही, पण तिथेही आधी टाकीवरचं कनेक्टर आणि पंपाचा अर्थ बघा. सीटखाली उंदरांनी कुरतडलेली वायर मी कैकदा काढली आहे. घरात कापूस भरलेला असला की उंदीर येतातच, आणि तिथून गाडीत. दहा-पंधरा सेकंदांत उत्तर मिळतं. मिळालं की वायर काढून खिशात.

सुटा रिलेही टेबलावर तपासता येतो. मीटर ओहमवर ठेवून ८५-८६ मोजा, साधारण ७० ते १०० ओहम आले पाहिजेत. काहीच नाही आलं तर कॉइल तुटली. मग ८५-८६ ला १२ व्होल्ट द्या, 'टिक' आवाज आला पाहिजे. पण टिक आवाज म्हणजे रिले चांगला, असं समजू नका. नानांचा रिलेही छान टिकटिक करत होता. पट्टी हलत होती, पॉइंट मात्र भिडूनही करंट सोडत नव्हते. रिले धरलेला असताना ३० आणि ८७ च्या मधून तोच २१ वॉटचा बल्ब पेटवून बघा आणि मीटरनं त्या दोन पायांमधले व्होल्ट मोजा. ०.२ च्या आत पाहिजेत. नानांच्या रिलेत १.४ आले, तेही कमी-जास्त होत होते.

"मंग सकाये कशी चालू व्हयनी?" नानांचा प्रश्न बरोबर होता. सकाळी धुळ्याला जाताना गाडीनं काहीच तक्रार केली नव्हती. याचं अर्धं उत्तर पॉइंटमध्ये आहे आणि अर्धं आपल्या उन्हात. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो, अंशाला जवळपास ०.४ टक्के. २० अंशांना ८० ओहमची कॉइल ८० अंशांना होते ९९ ओहमची. आपल्याकडे वैशाखात बाहेरच ४४-४५ अंश, बोनटखाली ८० म्हणजे काहीच नाही. थंड कॉइल १२ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर ओढते. तीच तापलेली, आणि वर सेल मारताना बॅटरी साडेनऊ व्होल्टपर्यंत खचलेली, तर मिळतात ९६ मिलिअँपिअर. आणि असल्या रिलेला पट्टी ओढायला साधारण ९० लागतात. म्हणजे जेमतेम. त्यात स्प्रिंग, काजळी, गाडीचे हादरे. म्हणून 'दुपारी बंद पडते, सावलीत वीस मिनिटं उभी केली की चालू होते' असं कुणी सांगितलं की मी आधी रिले बघतो. रिलेच्या आतला डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, तडकलेला असला तरी अशीच लक्षणं दिसतात.

रिले बदलून पैसे घेऊन नानांना वाटेला लावता आलं असतं. पण सॉकेट बघितलं तर ८७ च्या भोकाभोवतीचं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं. आतली पितळी पकड ढिली, रिलेचा पाय सुळकन आत-बाहेर होत होता. ढिली पकड म्हणजे विरोध. ०.३ ओहमचा विरोध आणि त्यातून सहा अँपिअर गेले तर जवळपास अकरा वॉट उष्णता त्या एका टोकावर तयार होते, छोट्या सोल्डरिंगच्या काडीएवढी. नवा रिलेही तिथे महिन्याभरात भाजला असता. म्हणून सॉकेटमधून ती पकड बाहेर काढली, वायरचा जळका तुकडा चांगलं तांबं लागेपर्यंत कापला, त्याच जाडीच्या वायरवर नवी पकड चेपून बसवली. जुनी पकड पक्कडीनं दाबून चालवू नका. तापलेल्या पितळेत स्प्रिंग उरलेली नसते.

एवढ्यावरही थांबलो नाही. नवा रिले बसवून पंपाच्या वायरभोवती क्लॅम्प मीटर लावला, डीसी मोजणारा, घरच्या लाइटचा नव्हे. साडेनऊ अँपिअर. अशा गाडीला पाच-सहा पुरतात. पॉइंट का जळाले याचं उत्तर इथे होतं.

"नाना, टाकीत पेट्रोल किती असतं?"

नाना हसले. गॅसवर गाडी चालवणाऱ्या बहुतेकांसारखे तेही दोनशेचं पेट्रोल टाकून महिना काढायचे. पण गाडी उठते पेट्रोलवरच, आणि टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो तो थंड राहण्यासाठी. तळाशी पेट्रोल, त्यात तळाचा सगळा गाळ, वर्षानुवर्षं न बदललेला फिल्टर. जाम फिल्टरमधून ढकलताना पंप जास्त करंट ओढतो, तापतो, झिजतो, आणि त्याचं बिल रिलेच्या पॉइंटला भरावं लागतं. फिल्टर बदलल्यावर आकडा साडेसहावर आला. पंप म्हातारा झालाय हे नानांना सांगितलं, पण आज तो बदलायची गरज नव्हती. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा म्हटलं, आणि दिवाळीनंतर परत करंट मोजू.

नवा रिले घेताना तीन गोष्टी जुळवा. अंगावरचा नंबर, पायांची मांडणी आणि आतलं चित्र. चित्रात कॉइलच्या शेजारी डायोड किंवा रेझिस्टर दाखवलेला असतो, तो शोभेचा नाही. ईसीएमनं अर्थ काढला की कॉइलमधलं चुंबकत्व कोसळताना शंभर व्होल्टच्या वरचा उलटा झटका मारतं, तो हा तुकडा गिळतो. बिनडायोडचा रिले बसवला तर झटका ईसीएमनं खायचा. डायोडवाला असेल तर ८५-८६ उलटे जोडून चालत नाहीत, टेबलावर तपासतानाही नाही. दुकानदार 'सेमच आहे भाऊ' म्हणाला तरी चित्र बघून घ्या. एक जास्तीचा घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डॅशबोर्डच्या खणात टाका.

निघताना नानांनी हॉर्न दाबून बघितला, रस्त्यावरचा बैल दचकला. रात्री आठला फोन आला. पोचले होते, अंगणातल्या निंबाला झोका बांधून झाला होता. मी विचारलं, किल्ली ऑन केल्यावर मागून आवाज येतो ना?

"येस ना भो. आते ताई गाडीमा बठनी की पहिले सीटले कान लावस."